'मा' या एकाक्षरी शब्दाचा विचार

गेल्या चातुर्मासात मंदिराच्या बालवर्गात श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाचे पाठांतर चालले होते. सहासष्टावा श्लोक आला. हा श्लोक बहुतेक मुलांना घरूनच पाठ असतो. आजोबांच्या तोंडून ऐकलेला असतो, म्हणून मुले तो मोठ्या आवाजात आणि काहीशा अभिमानाने म्हणतात. श्लोक संपला आणि नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, "दादा, शेवटी देव आईला हाक का मारतो?"

मुले हसली. एक-दोन पालक दाराशी उभे होते, तेही हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. श्लोकाच्या अगदी अखेरीस 'मा' हे एकच अक्षर स्वतंत्र शब्द म्हणून उभे आहे, आणि ज्या गावात सकाळपासून रात्रीपर्यंत 'माँ' ही हाक कानी पडते त्या गावातील मुलाने त्याचा अर्थ 'आई' असा केला, तर त्यात हसण्यासारखे ते काय? शिवाय हीच चूक त्याच्याच वयात आम्हीही केलेली होती, आणि ती वर्गात केलेली नव्हती.

आमची आई गेली तेव्हा आम्ही आठ वर्षांचे होतो. घर मंदिराला लागून. पलीकडच्या घरात सौराष्ट्राकडून फार पूर्वी येऊन स्थायिक झालेले एक गुजराती कुटुंब राहते. त्या घरच्या वृद्ध बाईंना सारी आळी 'बा' म्हणते. आईला राजघाटाकडे नेले तेव्हा लहान म्हणून आम्हांस घरीच ठेवले होते, आणि बांनी आम्हांस मांडीवर घेतले होते. त्या पाठीवरून हात फिरवीत पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होत्या: "रड मा, दीकरा, रड मा." घरी आम्ही 'आई' म्हणत असू, परंतु रस्त्यावरचे 'माँ' आम्हांस ठाऊक होते. आम्ही असे समजलो की बा आम्हांस आईसाठी रडावयास सांगत आहेत, तिला हाक मारून रड म्हणत आहेत. म्हणून आम्ही अधिक मोठ्याने रडू लागलो. त्या अधिक कळवळून तेच म्हणत, आणि आम्ही त्यांची आज्ञा समजून आणखी आवाज वाढवीत असू. असे किती वेळ चालले ते आता आठवत नाही.

दिवस चालू असताना तीर्थरूप वडील रोज संध्याकाळी ओसरीवर गीतेचा अठरावा अध्याय म्हणत. सहासष्टाव्या श्लोकाशी येऊन थांबत, पुढे जात नसत. एका संध्याकाळी आम्ही त्यांस विचारले, "नाना, तुम्हीसुद्धा आईला हाक मारता का?" त्यांच्या प्रथम ध्यानात आले नाही. मग आले. ते म्हणाले, "अरे, हा 'मा' म्हणजे आई नव्हे. हा 'मा' म्हणजे 'नको'. भगवंत अर्जुनाला 'शोक करू नकोस' असे सांगतो आहे." एवढे बोलून ते उठून आत गेले. बांचा 'मा' आणि भगवंताचा 'मा' यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे त्या वयात आमच्या डोक्यात येणे शक्यच नव्हते. ते पुढे चौदाव्या-पंधराव्या वर्षी उमगले. चौकातून जात असता एक गुजराती बाई आपल्या धावणाऱ्या मुलाला ओरडून म्हणाली, "दोड मा, पडी जईश!" 'धावू नकोस, पडशील.' आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. बा त्या दिवशी आम्हांस रडू नकोस असे सांगत होत्या!

तेव्हापासून हा एवढासा शब्द आम्ही जेथे भेटेल तेथे टिपून ठेवीत आलो. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले आहे. संस्कृत जे काही येते ते वडिलांच्या जवळ बसून आलेले. तेव्हा विद्वान वाचकांनी हे टिपण शास्त्रार्थ म्हणून न वाचता, एका शब्दाच्या मागे हिंडून आलेल्याने सांगितलेली हकीकत म्हणून वाचावे.

प्रथम संस्कृताचेच पाहू. एकट्या संस्कृतात 'मा' निदान चार आहेत. एक निषेधाचा, 'नको' असा. पाणिनीने त्याला 'ङ्' ही खूण लावून 'माङ्' म्हटले आहे, आणि त्याच्या योगाने क्रियापदाचे रूप बदलते असे सांगितले आहे: भूतकाळी रूपाच्या आरंभी येणारा 'अ' गळून पडतो, आणि जे रूप एरवी 'तू शोक केलास' असे म्हणाले असते ते 'शोक करू नकोस' असे म्हणू लागते. दुसरा 'मा' म्हणजे 'मला'. 'माम्' या रूपाचा तो आखूड पर्याय. तिसरा धातू आहे, 'मोजणे' या अर्थाचा. मान, माप, मात्रा, प्रमाण, अनुमान हे आपल्या रोजच्या व्यवहारातले शब्द त्याच्याच पोटचे. चौथा म्हणजे लक्ष्मी. 'माधव' या नावाचा 'मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव म्हणजे पती' असा एक विग्रह करतात तो यावरूनच. मधूच्या वंशात जन्मला म्हणून माधव, असाही दुसरा विग्रह आहे.

गंमत अशी की संस्कृतातील या चौघांत 'आई' कोठेच नाही. आईला संस्कृतात 'मातृ' आहे, 'अंबा' आहे. पण नुसत्या 'मा'ने हाक मारण्याची रीत तेथे नाही. तरीही आई आणि 'मा' यांची एकदा मोठी सुंदर गाठ पडली आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीला 'उमा' हे नाव कसे पडले ते सांगितले आहे. कोवळ्या वयात ती तपाला निघाली तेव्हा आई मेनेने तिला 'उ' म्हणजे 'अगं' आणि 'मा' म्हणजे 'नको' असे म्हणून अडविले, आणि ते दोन उद्गारच तिचे नाव होऊन बसले. भाषाशास्त्री ही व्युत्पत्ती मानणार नाहीत. परंतु ज्या मुलीला आईने 'नको' म्हटले त्या मुलीचे नावच जन्मभर 'अगं नको' असे राहावे, ही कल्पना आम्हांस कोणत्याही व्युत्पत्तीहून अधिक प्रिय आहे.

आता या 'मा'पायी एका राजाची फजिती झाली आणि एका पंडिताचा सारा संसार उधळला, ती कथा सांगतो. ती आपल्या गोदातीरावरची, पैठणची आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात ती आलेली आहे.

प्रतिष्ठानचा राजा सातवाहन वसंतऋतूत राण्यांसह जलक्रीडा करीत होता. तो एका राणीच्या अंगावर ओंजळीने पाणी उडवू लागला. ती नाजूक, दमून गेली आणि संस्कृतात म्हणाली की महाराज, मला 'मोदकैः' मारा. राजाने तत्काळ सेवकांना हुकूम सोडून मोदकांची ताटे मागविली. राणी हसत सुटली. म्हणाली, "महाराज, पाण्यात मोदकांचे काय काम? मी 'मा उदकैः', पाण्याने मारू नका, असे म्हटले. 'मा' आणि 'उदक' यांचा संधी आपल्याला कळू नये? प्रसंगही ध्यानात येऊ नये?" परिवारातील मंडळीही हसली. राजा खाली मान घालून बाहेर आला. त्याने अन्नपाणी वर्ज्य केले, कोणाशी बोलेना, शय्येवर पडून राहिला.

ही कथा लहान मुलांना सांगितली की मोदकांपाशी हशा पिकतो आणि तेथेच ती संपते. वास्तविक खरी कथा तेथे सुरू होते. राजाच्या पदरी गुणाढ्य आणि शर्ववर्मा असे दोन पंडित होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवितो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवितो. गुणाढ्य संतापला आणि पैज बोलून बसला: हे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने उलट पैज घेतली की न साधले तर बारा वर्षे तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. पुढे कार्तिकेयाची कृपा होऊन शर्ववर्म्याला एक आटोपशीर व्याकरण मिळाले, तेच कातंत्र किंवा कालाप. राजा सहा महिन्यांत शहाणा झाला आणि गुणाढ्याने बोललेले पाळले. तिन्ही भाषा गेल्या म्हणजे बोलणेच गेले. तो मुका होऊन विंध्याच्या अरण्यात गेला. (बऱ्हाणपूरकरांना हे अरण्य परके नाही, सातपुडा उतरून नर्मदा ओलांडली की विंध्य.) तेथे त्याने पिशाचांची भाषा ऐकून ऐकून आत्मसात केली आणि तिच्यात सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने. तो ग्रंथ राजाकडे पाठविला, तर राजाने भाषा पैशाची आणि अक्षरे रक्ताची म्हणून तिरस्काराने परत केला. मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्निकुंड पेटवून बसला. एकेक पान वाची आणि अग्नीत टाकी, आणि भोवती रानातले पशू चारापाणी सोडून डोळ्यांत अश्रू आणून ऐकत उभे राहत. राजाला कळून तो धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष उरले.

ती मूळ पैशाची बृहत्कथाही आज उपलब्ध नाही. सोमदेव, क्षेमेंद्र आदींनी संस्कृतात सांगितली तेवढीच आपल्यापर्यंत पोहोचली. कथेतील राजाला उदक आणि मोदक यांतला भेद कळला असता, तर गुणाढ्य पैज बोलला नसता. आम्हांस नेहमी वाटते की कथेत राजाची चूक क्षम्य आहे, कारण ती कानाची चूक होती. परंतु व्याकरण शिकून शहाणा झाल्यावर त्याने भाषा पाहून ग्रंथ परत केला, ती चूक क्षम्य नाही.

रामायणाचा आरंभही याच अक्षराने झालेला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकींच्या मुखातून जो श्लोक बाहेर पडला त्याचा पहिला शब्द 'मा' आणि दुसरा 'निषाद'. सरळ अर्थ शापाचा आहे: हे निषादा, तुला कधीही प्रतिष्ठा मिळू नये. परंतु महाकाव्याचा आरंभ शापाने कसा व्हावा, असा प्रश्न टीकाकारांना पडला. शिवाय वर सांगितलेला जो 'अ' गळावयास हवा तो त्या श्लोकात गळलेला दिसत नाही, म्हणून वैयाकरणांनाही चर्चेस जागा मिळाली. तेव्हा काही टीकाकारांनी दोन्ही शब्द जोडून 'मानिषाद' असे एकच संबोधन केले. 'मा' म्हणजे लक्ष्मी, तिचा निवास तो विष्णू. त्याबरोबर शापाचा आशीर्वाद झाला, व्याध नाहीसा झाला, आणि जोडप्यांपैकी एकाला मारणारा म्हणजे रावणाला मारणारा राम, असा अर्थ निघाला. आमच्या अल्प मतीला हा अर्थ चतुर वाटतो, खरा वाटत नाही. समोर पक्षी रक्तबंबाळ होऊन पडला असता ऋषी श्लेष करीत बसला असेल, हे मनाला पटत नाही. परंतु 'मा' या एका अक्षरात शाप आणि लक्ष्मी दोन्ही मावतात हे त्या टीकाकारांनी दाखविले, एवढे मान्य केले पाहिजे.

आता ग्रंथ मिटून गावात येऊ. आमचे बऱ्हाणपूर हे भाषांचे जंक्शन आहे असे म्हटले तरी चालेल. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. फारुकी घराण्यातील राजा अली खान याच्या काळचा, इ. स. १५९० च्या सुमाराचा. पुढे मोगलांच्या दक्षिणेच्या कारभाराचे हे ठाणे झाले. खानखानान अब्दुर्रहीम, ज्यांचे रहीमचे दोहे आपण शाळेत शिकतो, ते येथे अनेक वर्षे राहिले. त्यांना तुर्की, फारसी, अरबी, संस्कृत आणि हिंदी अशा भाषा येत. खेटकौतुक नावाचा ज्योतिषाचा एक छोटा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, त्यात संस्कृत वृत्तात फारसी शब्द बसविलेले आहेत. आजही बाजारातून एक फेरी मारली तर मराठी, हिंदी, निमाडी, गुजराती, उर्दू या सर्व कानी पडतात. आणि प्रत्येकीचा 'मा' निराळा.

गुजरातीचे सांगितलेच. तिच्यात 'मा' म्हणजे आईही आणि 'मा' म्हणजे नकोही. क्रियापदाच्या मागे लागला तर नको, एरवी आई. त्यातच 'मां' असा अनुस्वार दिला की 'घरमां' म्हणजे घरात. मराठी माणसाला हे अडचणीचे वाटते. पण बांना यात कधी अडचण आली असेल असे वाटत नाही. पूर्वेकडे छत्तीसगडात गेलो तर 'घर मा' म्हणजेही घरात, आणि अवधीतही तसेच.

उर्दूत 'मा' अरबीतून आलेला आहे आणि तो शब्दांच्या पोटात लपून बसतो. 'क्या माजरा है?' असे आपण सहज विचारतो. यातला 'मा' म्हणजे 'जे' आणि 'जरा' म्हणजे 'घडले'. जे घडले ते, तो माजरा. 'माहौल' म्हणजे 'जे भोवती आहे ते'. एखाद्या गोंडस मुलाला पाहून आमचे मुसलमान शेजारी 'माशाअल्ला' म्हणतात त्यातही तोच 'मा' आहे: ईश्वराने जे इच्छिले ते. आणि अरबीत हाच 'मा' दुसऱ्या ठिकाणी चक्क 'नाही' असा अर्थ देतो! एवढ्यावरही भागत नाही. शेवटी कंठातला एक किंचित अडखळ घेऊन उच्चारला, तर अरबीत त्याचा अर्थ 'पाणी' होतो. आमच्या गावी युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. त्या वैद्यकात मधाच्या पाण्याला 'माउल असल' म्हणतात, आणि दूध फाडून निघालेल्या निवळीला 'माउल जुब्न'. सातवाहनाच्या राणीने 'मा' म्हणून पाणी नाकारले. तोच ध्वनी अरबी वैद्य पाणी मागण्यासाठी वापरतो. ज्या खानखानानांच्या काळी, १६१५ साली, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत कुंड्यांच्या ओळीने शहरात आणले गेले (कुंडी भंडारा म्हणून ते आजही पाहावयास मिळते), त्यांना अरबीतला पाण्याचा 'मा' आणि संस्कृतातला नकाराचा 'मा' हे दोन्ही परिचित असणार. हा विचार तेथील थंड कुंडीजवळ उभे असताना आमच्या मनात आला होता.

फारसीत 'मा' म्हणजे 'आम्ही'. हे प्रथम कळले तेव्हा आम्हांस वाटले की ही केवळ ध्वनीची लीला. परंतु तसे नाही. प्राचीन इराणी भाषेत 'आमचे' या अर्थी 'अमाखम्' असे रूप होते. ते आणि संस्कृतचे 'अस्माकम्' ही सख्खी भावंडे. इराणात त्याचे झिजून झिजून 'मा' राहिले; इकडे त्याच कुळातले 'अस्मे' प्राकृतात 'अम्हे' झाले आणि मराठीत 'आम्ही'. म्हणजे या लेखात आरंभापासून जो 'आम्ही' बोलतो आहे तो फारसीच्या 'मा'चा चुलतभाऊ ठरतो. उलट, सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीत तेलुगू बोलणारा मनुष्य 'मा इल्लु' म्हणजे 'आमचे घर' असे म्हणतो, तेव्हा अर्थ जवळजवळ तोच असूनही त्याचे फारसीशी काडीचे नाते नाही. या तेलुगू 'मा'ची एक खुबी मराठी माणसाला लगेच कळेल. ऐकणाऱ्याला वगळून 'आमचे' म्हणावयाचे तर 'मा', आणि ऐकणाऱ्यालाही धरून 'आपले' म्हणावयाचे तर 'मन'. हिंदीत दोन्हींना 'हमारा'च. पाहुण्याला 'हे आमचे घर' म्हणावे की 'हे आपले घर' म्हणावे, हा विवेक मराठीने दक्षिणेकडच्या शेजारणींपासून घेतला असे भाषापंडित म्हणतात.

मराठीत तरी 'मा' कोठे आहे, असे कोणी विचारील. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत, शके १२१२ मध्ये, 'मा' हे अव्यय 'मग', 'तर' अशा अर्थी सर्रास येते. नागरी मराठीतून ते आता गेले. परंतु मालवणीत 'येतलस मा?' म्हणजे 'येशील ना?' असे विचारतात. जेथे गुजराती 'मा' म्हणजे नको, तेथे मालवणी 'मा' म्हणजे 'होय म्हण' अशी आर्जवाची विनवणी. सिंधुदुर्गाकडील एक कीर्तनकार मंदिरात उतरले होते, त्यांनी निरोप घेताना "पुन्हा बोलावशात मा?" असे वडिलांना विचारले, आणि शेजारी उभ्या असलेल्या बांनी हळूच आम्हांस विचारले, "हे बोलावू नका का म्हणतात?"

दूरच्या भाषांची यादी वाढविण्यात अर्थ नाही, तरी दोन-चार सांगितल्यावाचून राहवत नाही. तमिळात 'मा' म्हणजे आंब्याचे झाड. तमिळ-मल्याळमकडचे 'मांगा' हे फळाचे नाव पोर्तुगीजांनी उचलले आणि त्यावरून इंग्रजांचे 'मँगो' झाले. इटालियनमध्ये 'मा' म्हणजे 'पण', फ्रेंचमध्ये 'माझी'. चिनी भाषेत 'मा' एकाच पातळीवर उंच सुरात म्हटले तर आई, चढत्या सुरात म्हटले तर भांगेच्या जातीची वाखाची वनस्पती, सूर खाली नेऊन वर आणला तर घोडा, झटक्याने उतरविला तर शिव्या देणे, आणि वाक्याच्या शेवटी हलकेच सोडला तर मालवणीप्रमाणे प्रश्न! ज्यांच्या घरात वेदपठण आहे त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. 'इंद्रशत्रु' या शब्दातला स्वर चुकला म्हणून इंद्राला मारणारा होण्याऐवजी वृत्र इंद्राकडून मारला गेला, ही कथा आम्हांस लहानपणी छडीच्या धाकाबरोबर ऐकविली जात असे.

या सर्वांत खरे नाते कोणाचे आणि नुसता योगायोग कोणाचा, हे निवडून घेणे अवश्य आहे. कारण आमच्यासारख्या धार्मिक पत्रिकांतून 'जगातील सर्व शब्द संस्कृतातून निघाले' अशी विधाने पुष्कळदा छापली जातात. संस्कृतचा निषेधाचा 'मा', प्राचीन इराणी शिलालेखांतला 'मा', आर्मेनियनचा 'मी' आणि ग्रीकांचा 'मे' हे मात्र खरोखर एका आईची लेकरे आहेत. चारहींचा अर्थ 'नको'. गुजरातीचा 'मा' त्याच घरातला. याउलट तमिळचा आंबा, चिनी घोडा, अरबी पाणी यांना त्या कुळात ओढून आणणे म्हणजे मोदकांची ताटे मागविणे होय.

राहिला आईचा 'मा'. तो या दोन्ही वर्गांत बसत नाही. ज्या भाषांचा परस्परांशी कधी संबंध आला नाही त्यांतही आईच्या नावात 'म' सापडतो. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की मूल स्तनपान करीत असता त्याचे ओठ मिटलेले असतात. त्या स्थितीत जो हुंकार निघू शकतो तो नाकातून, म्हणजे 'म'कारच. पुढे भूक लागली, आई दिसेना, की तोच हुंकार मोकळ्या तोंडाने बाहेर पडतो. मुलाला शब्द येत नसतो. आई त्या हुंकाराला आपले नाव समजते. अर्थात यालाही अपवाद आहेत. कॉकेशस पर्वताकडच्या जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि आई म्हणजे 'देदा'. आपल्याकडे 'मामा' आईचा भाऊ, तेव्हा आपणही फारसे हसू नये.

बालवर्गातल्या त्या मुलाला हे सर्व एका दमात सांगणे शक्य नव्हते, योग्यही नव्हते. त्याला आम्ही एवढेच सांगितले की इथे 'मा' म्हणजे 'नको', आणि सर्वांना वहीत त्या अक्षराभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढावयास लावले. नंतर मुलांनी आपापल्या घरातले 'मा' गोळा करून आणावेत असे ठरले. पुढच्या रविवारी सात अर्थ आले. एका मुलाने 'माउली'तला 'मा' आणला. तो आम्ही नियमाबाहेर असूनही ठेवून घेतला.

बा आता फार थकल्या आहेत. ऐकूही कमी येते. दिवाळीत नमस्कारास गेलो तेव्हा धीर करून आम्ही त्यांस त्या दिवसाची गोष्ट सांगितली. त्या 'रडू नकोस' म्हणत होत्या आणि आम्ही 'रड' समजून रडत होतो, हे सांगितले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. प्रथम हसल्या. म्हणाल्या, "तरीच! जितकं सांगावं तितका तू जास्त रडायचास. मला वाटायचं, पोराला माझं कळतंय आणि तरी राहवत नाही." मग त्यांचे डोळे भरून आले. आम्ही त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच भाषेत म्हटले, "बा, रड मा."

अठराव्या अध्यायाचे उरलेले श्लोक पुढील रविवारपासून सुरू होतील. मुलांनी वही आणि पेन्सिल आणावी.